शिखरावरचा माणूस आणि पायथ्याचे रान

१/ ९ एप्रिल २०२१. चेन्नईत आयपीएलच्या हंगामाचा पहिला सामना. मुंबईचा कर्णधार रोहित शर्मा सलामीला उतरला तेव्हा त्याच्या बुटांवर एकशिंगी गेंड्याचे चित्र होते. तो १९ धावांवर धावबाद झाला. चर्चा मात्र बुटांची झाली. एका बाजूने ‘असा खेळाडू हवा’ हा जयघोष, दुसऱ्या बाजूने ‘खेळाडूने खेळावे, जंगलाचे काम वनखात्याने करावे’ हा तुच्छतेचा सूर. इतिहासापुढे या दोन्ही प्रतिक्रिया टिकत नाहीत.

२/ प्रसिद्ध खेळाडूंनी रानावनासाठी आवाज उठवण्याला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यात खरे यश आहे आणि खरा अन्यायही आहे. खेळाडूचा शब्द कधी अरण्याला तारतो आणि कधी त्याच अरण्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांच्या मुळावर येतो, हा मुद्दा आहे. जयघोष करणारे तो विचारत नाहीत आणि नाक मुरडणाऱ्यांना तो सुचत नाही. हा थ्रेड त्याच मुद्द्याविषयी.

३/ या इतिहासाचे नायक क्रिकेटपटू नाहीत, गिर्यारोहक आहेत, आणि त्याला कारण आहे. क्रिकेटचे मैदान माणूस आखतो. गिर्यारोहकाचे मैदान म्हणजे प्रत्यक्ष रानच. तो ज्या कड्यावर नाव कमावतो, त्याच कड्याची त्याच्या पावलांनी झीज होते. म्हणून गिर्यारोहक संरक्षणाविषयी बोलतो तेव्हा तो एकाच वेळी साक्षीदारही असतो आणि आरोपीही. हे दुहेरी नाते विसरले की इतिहासाची आरती होते.

४/ आधी ‘व्यावसायिक’ या शब्दाचा हिशेब. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर दोघे उभे होते. एडमंड हिलरी न्यूझीलंडचे मधमाशीपालक, म्हणजे हौशी. तेनसिंग नोर्गे शेर्पांचे सरदार, डोंगरावर वेतन घेऊन काम करणारे. म्हणजे त्या दिवशी व्यावसायिक गिर्यारोहक एकच होता, आणि तो तेनसिंग. तरी पुढे ‘हिमालयाचा रक्षणकर्ता’ हा मान कोणाच्या वाट्याला आला, हे सांगायला नको.

५/ तेनसिंग १९५४ साली दार्जिलिंगला स्थापन झालेल्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणप्रमुख झाले. हिलरींनी आपली कीर्ती कामाला लावली. कंपन्यांकडून, दात्यांकडून पैसा उभारून १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा काढली, १९६६ मध्ये खुंदेला रुग्णालय उभे केले. ही कामे शेर्पांनी मागितलेली होती आणि शेर्पांच्या श्रमांनी उभी राहिली. हिलरींच्या थोरवीबद्दल वाद नाही. वाद त्यानंतरच्या गोष्टीचा आहे.

६/ रुग्णालयाचे सामान पाठीवरून वाहून आणणे अवघड, म्हणून १९६४ साली लुकला येथे उतारावर छोटी धावपट्टी बांधण्यात आली. हेतू निर्मळ होता. पण धावपट्टीला हेतू कळत नाही. काठमांडूपासून दोन आठवड्यांची पायपीट तासाभराहून कमी वेळाच्या विमानप्रवासावर आली आणि त्या वाटेने पर्यटक आले. करोनापूर्वीच्या काळात खुंबू खोऱ्यात वर्षाला ५० हजारांहून अधिक पाहुणे येऊ लागले होते.

७/ पाहुणा आला की चूल पेटते. चार हजार मीटरच्या आसपास झाड वाढायला अनेक दशके लागतात आणि त्यावरच्या उंचीवर उरते ती जुनिपरची झुडुपे. मोहिमांचे तळ, हमालांचे स्वयंपाक, पाहुण्यांच्या अंघोळीचे पाणी, सगळ्यांचे इंधन हेच. काही वर्षांतच उघडे पडलेले उतार हिलरींना दिसू लागले. राष्ट्रीय उद्यान व्हावे, या मागणीमागे त्यांनी आपले सगळे वजन टाकले.

८/ न्यूझीलंड सरकारने तज्ज्ञ आणि निधी दिला. जुलै १९७६ मध्ये १,१४८ चौरस किलोमीटरचे सगरमाथा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि १९७९ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. येथवरची कथा सर्वांना पाठ असते. वीर शिखरावर गेला, रान उजाड होताना त्याने पाहिले, त्याने ते वाचवले. शेर्पा या कथेत असतात, पण ओझे वाहण्यापुरते.

९/ प्रत्यक्षात उद्यानाच्या वार्तेने शेर्पा गावांत भीती पसरली. ती अकारण नव्हती. त्याच सुमारास पश्चिम नेपाळात रारा सरोवराभोवती राष्ट्रीय उद्यान झाले आणि काठावरची गावे उठवून तराईत नेली गेली. खुंबूत लाकूडतोडीवर बंदी आली, पहाऱ्याला लष्कर आले. ज्या माणसाने शाळा दिली, त्याच माणसाच्या आग्रहाने रानाची दारे बंद होत होती. शेर्पांचा रोष हिलरींपर्यंतही पोहोचला.

१०/ आणि शेर्पांना रान राखता येत नव्हते का? १९५०च्या दशकात खुंबूत गेलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी ‘शिंगी नावा’ या राखणदारांची नोंद करून ठेवली आहे. गावाने नेमलेली ही माणसे कोणी कुठले लाकूड किती तोडावे यावर लक्ष ठेवीत आणि नियम मोडणाऱ्याला दंड करीत. म्हणजे उद्यानाआधी तिथे राखण होती. तिला अधिसूचना तेवढी नव्हती.

११/ ही राखण ढिली का पडली? कारणे बाहेरची होती. १९५७ च्या कायद्याने नेपाळातील वने सरकारी झाली. तोडीचा परवाना गावाकडून नव्हे, कचेरीकडून मिळू लागला. १९५९ नंतर तिबेटमधून हजारो निर्वासित खिंडी ओलांडून आले. मग लुकलामार्गे पर्यटक आले. सरकार, युद्ध आणि पर्यटन या तिघांनी मिळून जे केले, त्याची शिक्षा राखणदारांच्याच वंशजांना झाली.

१२/ मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटावे. त्याच १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक सह्याद्रीतील देवराया अभ्यासत होते. देवाच्या नावाने गावाने राखलेली ही राने कोणत्याही वनखात्याहून जुनी आहेत. देवराई राखणारा गावकरी ज्याला समजला, त्याला शिंगी नावा समजायला अडचण नसावी. ‘अडाणी गावकरी रान खातो आणि बाहेरचा शहाणा ते वाचवतो’ हे गृहीतक दोन्हीकडे तितकेच खोटे आहे.

१३/ मग रान खरोखर किती उजाड झाले होते? १९८०च्या दशकात भूगोलतज्ज्ञ आल्टन बायर्स यांनी १९५०-६० च्या दशकांतील एर्विन श्नायडर यांची छायाचित्रे हाती घेऊन त्याच जागांवरून पुन्हा छायाचित्रे काढली. चार हजार मीटरखालचे वनाच्छादन बहुतेक ठिकाणी फारसे बदललेले दिसले नाही. खरा विध्वंस त्याहून वर होता. मोहिमा आणि पर्यटकांच्या चुलींनी जुनिपरची झुडुपे ओरबाडून नेली होती.

१४/ हा पुरावा नीट वाचावा. ‘संकट नव्हतेच’ असे तो म्हणत नाही. संकट होते, पण त्याची जागा वेगळी होती आणि त्याचे मुख्य कारणही वेगळे होते. घाव गावाच्या वरच्या बाजूला होता, मोहिमांच्या तळांपाशी. पहारा बसला तो गावाच्या सरपणावर. शिखरवीराची नजर उतारावर गेली, आपल्याच पायवाटेवर जायला तिला उशीर लागला.

१५/ तरी हिलरींना निकालात काढता येत नाही, कारण ते शिकले. लुकलाच्या धावपट्टीने काय केले हे त्यांनी पुढे उघडपणे कबूल केले. १९७५ मध्ये फापलूच्या रुग्णालयाच्या कामाकडे येताना त्यांची पत्नी लुईस आणि मुलगी बेलिंडा विमान अपघातात गेल्या. तरी ते खोरे सोडून गेले नाहीत. रोपवाटिका उभ्या राहिल्या, लाखो रोपे लावली गेली. छायाचित्र काढून परतणारा माणूस आणि ही निष्ठा यांत अंतर आहे.

१६/ सर्वांत मोठे काम त्याहून शांतपणे झाले. खुमजुंगच्या शाळेत शिकलेले मिंग्मा नोर्बू शेर्पा न्यूझीलंडला गेले, उद्यान-व्यवस्थापन शिकले आणि सगरमाथा उद्यानाचे पहिले शेर्पा प्रमुख झाले. गावे कायद्याने उद्यानाच्या हद्दीबाहेर ठेवली गेली. १९९१ मध्ये कचऱ्याच्या प्रश्नासाठी स्थानिकांची समिती झाली. २००२ मध्ये भोवतालचे क्षेत्र जाहीर झाले आणि उद्यानाच्या उत्पन्नाचा वाटा गावांकडे वळला.

१७/ म्हणजे खुंबूत संरक्षण रुजले ते वीराने दार बंद केले म्हणून नव्हे. त्याच दाराची किल्ली हळूहळू गावाच्या हाती आली, म्हणून ते रुजले. आरती करणारे हा अर्धा भाग गाळतात. किल्ली दिलीच नाही तर काय होते, हे पाहायला नेपाळात राहण्याचीही गरज नाही. उत्तराखंडात या.

१८/ नंदादेवी, ७,८१६ मीटर. १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन ऋषिगंगेच्या घळीतून आतल्या खोऱ्यात पोहोचले. १९३६ मध्ये टिलमन आणि ओडेल माथ्यावर गेले. पुढच्या दशकांत, विशेषतः १९७४ नंतर, मोहिमांची रीघ लागली. तळांवर कचरा साठला, जुनिपर आणि भूर्ज चुलीत गेले. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि लगोलग आतले खोरे सर्वांसाठी बंद करण्यात आले.

१९/ ‘सर्वांसाठी’ हा शब्द इथे फार निष्पाप दिसतो. गिर्यारोहकाला नंदादेवी बंद झाली तर त्रिशूळला दुसरी वाट आहे, कामेट आहे, अवघा हिमालय आहे. लाता, तोलमा, रेणी या गावांना दुसरे खोरे नव्हते. मेंढ्यांची कुरणे गेली, जडीबुटी गेली, मोहिमांसोबत हमाल आणि वाटाडे म्हणून मिळणारी रोजी गेली. कचरा पाहुण्यांनी केला. केर काढण्याच्या नावाखाली यजमान घराबाहेर गेला.

२०/ आणि ही रेणी कोणती? २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावातील स्त्रिया ठेकेदाराच्या माणसांपुढे झाडांना बिलगून उभ्या राहिल्या, ती. ‘चिपको’ने जगभर नाव कमावले. सुमारे आठ वर्षांतच, ज्या गावाने प्राण पणाला लावून रान राखले, त्याच गावाला रानापासून रान वाचवण्यासाठी बाहेर ठेवले गेले. भारतीय पर्यावरणाच्या इतिहासात याहून कडवट विनोद क्वचितच सापडेल.

२१/ १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी ‘झपटो-छीनो’ आंदोलन केले. झपटा आणि हिसकावून घ्या. नावातच दीड दशकाचा संताप आहे. ज्या मोहिमवीरांच्या पुस्तकांत लाताच्या हमालांचे गोडवे आहेत, त्यांतील कितीजणांचा आवाज तेव्हा ऐकू आला? शिखराबद्दल कळवळा सोपा आहे. शिखर मागत नाही, भांडत नाही, हक्क सांगत नाही. पायथ्याचा माणूस हे तिन्ही करतो.

२२/ आता उलट उदाहरण. कॅलिफोर्नियातील प्रस्तरारोहक इव्हॉन श्विनार्ड यांनी १९५७ मध्ये भंगारातून भट्टी आणि ऐरण आणून कड्यात ठोकायच्या पोलादी मेखा, म्हणजे पिटॉन, घडवायला सुरुवात केली. दर दीड डॉलर. युरोपातील मऊ लोखंडाच्या मेखा ठोकून तिथेच सोडत. या कठीण मेखा उपसून पुन्हा वापरता येत. १९७० पर्यंत त्यांचा कारखाना अमेरिकेत आरोहणसाहित्याचा सर्वांत मोठा पुरवठादार झाला होता.

२३/ पण जे यश, तोच दोष. तीच मेख त्याच भेगेत शेकडो वेळा ठोकली-उपसली जाऊ लागली आणि योसेमिटीच्या ग्रॅनाइटच्या भेगा फुटू लागल्या, खोबणी पडू लागल्या. श्विनार्ड आणि त्यांचे भागीदार टॉम फ्रॉस्ट यांना हे कड्यावरच दिसले. त्या वेळी धंद्याचा सुमारे ७० टक्के भाग मेखांवर होता. त्यांनी मेखांतून माघार घ्यायचे ठरवले.

२४/ १९७२ च्या त्यांच्या विक्री-सूचीत हातोड्याविना चढण्याचा पुरस्कार करणारा डग रॉबिन्सन यांचा १४ पानी लेख छापला गेला. मेखेऐवजी हाताने अडकवायचे आणि हातानेच काढायचे ॲल्युमिनियमचे चोक आले. काही महिन्यांत मेखांची मागणी ओसरली आणि चोक पुरेनासे झाले. स्वतःच्या दुकानातील सर्वांत खपाऊ वस्तू वापरू नका, असे दुकानदारच सांगत होता.

२५/ इथेही आरती नको. श्विनार्डकडे विकायला पर्याय तयार होता. नुकसान पत्करले ते पुढे नफ्यातच गेले, हे खरे. पण क्रम पाहावा. त्यांनी आधी स्वतःच्या धंद्याने केलेली जखम पाहिली, मग ती बोलून दाखवली, मग सवय बदलली. इतरांना उपदेश त्यानंतर. २०२२ मध्ये त्यांनी पॅटागोनिया कंपनीची मालकीच न्यास आणि संस्थेकडे सोपवली, तीही पन्नास वर्षे चाललेल्या याच वाटेवरून.

२६/ तिसरे उदाहरण अमेरिकेच्या युटा राज्यातील बेअर्स इअर्सचे. आरोहकांसाठी तिथला इंडियन क्रीक म्हणजे भेगाळ कड्यांची पंढरी. पण त्या भूमीच्या संरक्षणाची लढाई आरोहकांची नव्हती. होपी, नवाहो, झुनी आणि युट लोकांच्या दोन राष्ट्रांनी २०१५ मध्ये आघाडी बांधून मागणी केली. त्यांच्या लेखी ते निर्मनुष्य अरण्य नव्हतेच. ती पूर्वजांची वस्ती, समाध्या आणि औषधींची भूमी होती.

२७/ २८ डिसेंबर २०१६ रोजी ओबामांनी सुमारे साडेतेरा लाख एकरांचे राष्ट्रीय स्मारक जाहीर केले. ४ डिसेंबर २०१७ रोजी ट्रम्प यांनी ते सुमारे ८५ टक्क्यांनी छाटले. आदिवासी राष्ट्रांनी त्याच दिवशी न्यायालय गाठले. आरोहकांची संघटना आणि पॅटागोनिया कंपनी त्यांच्यामागोमाग वेगळ्या दाव्यांनिशी उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये बायडेन यांनी स्मारकाची हद्द पूर्ववत केली.

२८/ ‘मागोमाग’ हा शब्द इथे महत्त्वाचा. पुढच्या वर्षी त्या भूमीच्या कारभारात पाच राष्ट्रांना सहभाग देणारा करार झाला, कारण मागणीच त्यांची होती. खेळाडू पुढे असते तर कदाचित चढाईच्या वाटा वाचल्या असत्या आणि समाध्या विसरल्या गेल्या असत्या. इथे प्रसिद्ध माणसांनी आपला प्रकाश दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाडला. त्यांच्याकडून अपेक्षा असते ती एवढीच.

२९/ यावर आक्षेप येतो: ‘इतक्या अटी घातल्या तर कोण बोलेल? निदान बोलतात, हे काय थोडे?’ आक्षेपात तथ्य आहे. हिलरींचे नाव नसते तर वेलिंग्टनच्या मंत्र्याने खुंबूचे नाव कशाला ऐकले असते? शिंगी नावाच्या अर्जाला उत्तर आले नसते. कीर्ती हे खरे भांडवल आहे आणि ते रानासाठी खर्चणारा खेळाडू, ते न खर्चणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

३०/ पण भांडवल आहे म्हणूनच हिशेब मागायचा. गावकऱ्याने चूक केली तर एक झाड जाते. हिलरींसारख्या माणसाच्या एका वाक्याने हजार चौरस किलोमीटरचे नियम बदलतात. ज्याच्या शब्दाला एवढे वजन, त्याच्या शब्दाची तपासणी ही कृतघ्नता नव्हे. ‘खेळाडूने खेळावे’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. तो रानात खेळतो, रानाच्या नावावर कमावतो. त्याला गप्प बसण्याची मुभा नाही.

३१/ म्हणून पुढच्या वेळी कोणी वीर जंगलाचा दूत म्हणून समोर आला, की चार प्रश्न विचारावेत. एक, त्याच्या स्वतःच्या खेळाने, प्रवासाने, प्रायोजकाने त्या रानाचे काय केले, हे तो बोलतो का? दोन, त्याने स्वतः काय सोडले? तीन, तिथे राहणाऱ्यांची मागणी काय आहे आणि तो तिच्या पुढे आहे की मागे? चार, छायाचित्रानंतर दहा वर्षांनी तो तिथे असेल का?

३२/ आता पुन्हा त्या बुटांकडे. बुटाने बुटाचे काम केले; लाखो मुलांनी त्या दिवशी एकशिंगी गेंडा पाहिला. काझीरंगात २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजले गेले, ते मात्र पुरात चौक्यांवर रात्री काढणाऱ्या वनरक्षकांमुळे आणि काठावरच्या गावांच्या सोशिकतेमुळे. खेळाडूच्या बुटावर पुढच्या वेळी गेंडा असेल, तेव्हा त्याच्या तोंडी त्या वनरक्षकाच्या पगाराचा आणि त्या गावच्या बुडालेल्या शेताच्या भरपाईचा प्रश्नही असावा. तो विचारला गेला की टाळ्या खुशाल वाजवाव्यात.

(समाप्त)